शंखातली बिऱ्हाडं

आमच्या घरमालकांना मी अजूनही माफ केलेलं नाही. त्यांनी माझं काहीच वाकडं केलं नव्हतं, ही त्यातली खरी अडचण. एखाद्याने आपलं नुकसान केलं तर चार माणसांत त्याच्या नावाने बोटं मोडता येतात. ज्याचा नुसता हेवा वाटतो त्याची तक्रार घेऊन कुठे जायचं? म्हणून इतक्या वर्षांनी इथे लिहितो आहे.

ते एसटीतले निवृत्त कंट्रोलर. रोह्याच्या स्टँडवर गाड्या लावण्यात आणि सोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. तिथे त्यांचं कौलारू घर आणि घराच्या मागे ओळीने तीन भाड्याच्या खोल्या. मधल्या खोलीत मी आणि माझी बायको राहत होतो. मी रोह्यातल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो, तिन्ही शिफ्टमध्ये फिरणारा. नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं, आणि अष्टमीच्या नाक्यावर नुकताच एसटीडीचा पिवळा बूथ उघडला होता.

मालक एकटेच असत. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. घरातही ते खाकी पँट घालत आणि बनियनला खिसा नसल्यामुळे दोन पेनं दोन कानांवर ठेवत, लाल उजव्या कानावर आणि निळं डाव्या. जेवायला बसताना ती काढून ताटाशेजारी ठेवायची आणि हात धुतले की पुन्हा कानांवर चढवायची. कोणी विचारलं तर म्हणायचे, "वेळ सांगून येत नाय."

त्यांचा एक नियम होता: बिऱ्हाडकरूच्या दारात मालकानं उभं राहू नाय. खोली एकदा भाड्याने दिली की ती त्या माणसाची. तिच्यात डोकावणं तर सोडाच, उंबऱ्याजवळ जाणंसुद्धा त्यांना चोरी वाटे. आता मालकाला भाडेकरूला काही सांगायची वेळ येणारच. तेव्हा ते अंगणातल्या शेवग्याखाली, आमच्याकडे पाठ करून उभे राहत आणि शेवग्याशी बोलत. एकदा आमची मोरी तुंबली आणि पाणी अंगणात आलं. शेवग्याला ते म्हणाले, "मधल्या खोलीचं पानी तुंबलंय असं दिसतंय. बांबू पडवीत ठेवला हाय." मी बाहेर येऊन म्हटलं, "मालक, मला सरळ सांगा की. मी इथेच उभा आहे." त्यांनी मान वळवली नाही. शेवग्यालाच म्हणाले, "केमिस्ट घरात हायेत म्हनायचे."

मला ते केमिस्टच म्हणत. त्यात कौतुक होतं की टिंगल, ते मला कधी कळलं नाही. टिंगल असावी असं धरूनच मी चालत असे.

माशांची गोष्ट अशी. त्यांचा एक भाचा मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात नोकरीला होता. दुकानात परदेशातून काही मासे आले होते, आणि ते कोणी घेईना. लोकांना सोनेरी हवेत, तांबडे हवेत, लांब शेपटीचे हवेत. हे दीड इंचाचे, धुरकट, अंगावर आडवे पट्टे. रंग म्हणावा असा फक्त डोळ्यांत, थोडासा निळा. भाच्याने ते पिशवीत घालून मामाकडे आणून टाकले, सोबत एका परदेशी मासिकातलं फाडलेलं पान. ते पान इंग्रजीत होतं. म्हणून मला बोलावणं आलं, अर्थात शेवग्यामार्फत.

ते पान मी वाचून दाखवलं, ही गोष्ट मी पुढे अनेकांना सांगितली. आफ्रिकेत एक प्रचंड तलाव आहे. त्याच्या तळाशी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचा खच पडलेला असतो, आणि हे मासे त्या शंखांत राहतात. एका शंखात एक. धोका दिसला की आत शिरतात, अंडी आतच घालतात, पिल्लं तिथेच वाढवतात. मालक मांडीवर हात ठेवून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "म्हंजे बिऱ्हाडकरूच हायेत."

दुसऱ्याच दिवशी ते शंख गोळा करायला निघाले. भात कापून झालेल्या खाचरांच्या बांधांवर मोठ्या गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले असतात, लिंबाएवढे. ते आणून त्यांनी उकळले, उन्हात वाळवले. रोह्यातल्या खिडक्यांना काचा बसवणाऱ्याकडून दीड फूट लांबीची पेटी करून घेतली, तळाशी नदीची बारीक वाळू घातली आणि शंख तिच्यावर हवे तसे टाकून दिले. पेटी ओटीवर ठेवली. समोर एक खुर्ची. आणि एक चार्ट. एसटीत गाड्यांचा लिहितात तसाच: खोली नंबर, वेळ, शेरा. "खोली १, नर दारात." "खोली ५, मादीने शेजाऱ्यास दोनदा हाकलले." निळ्या पेनाने रोजचं. पिल्लं झाली की लाल.

पिल्लं सारखी व्हायची. पानावर लिहिलं होतं की या माशांना जड, चुनखडीचं पाणी लागतं. आमच्याकडचं पाणी अगदी हलकं. मी लगेच कागदावर हिशेब मांडून दिला, खायचा सोडा किती, कॅल्शियमचा क्षार किती. त्यांनी कागद घडी करून ठेवला आणि तिसऱ्यांचं कालवण खाऊन उरलेल्या शिंपल्या धुऊन पेटीच्या एका कोपऱ्यात रचल्या. महिन्याभराने मी कंपनीतली पीएच पट्टी आणून बुडवली. हवा होता तोच आकडा आला. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. परवापेक्षा जरा चढलंय." चवीने असं कळत नाही, असं मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "माझा बाप पेनच्या खारात मिठागरावर होता. थेंब जिभेवर ठेवून सांगायचा, मीठ उद्या धरंल का परवा."

खाऊही तिकडूनच यायचा. मिठागराच्या पाण्यात तांबूस रंगाचे बारीक जिवंत किडे होतात. हंगामात दर पंधरा दिवसांनी ते एसटीने पेणला जायचे, रामवाडीला बहिणीकडे जेवायचे आणि खारातून कॅनभर पाणी घेऊन परत यायचे. ते किडे सोडले की सगळे शंख जागे होत. माझ्यासारखा शिकलेला माणूस बाजूला उभा राहून बघत बसे.

इथवरचा हेवा तसा किरकोळ होता. अंगाला लागला तो पुढे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, बायकोला सातवा महिना असताना, आमचं मूल गेलं. दवाखान्यातून आम्ही दोघं रिक्षाने परत आलो तेव्हा सगळं अंगण दारात उभं होतं, फक्त मालक नव्हते. नंतरचे महिने जो तो माझ्या बायकोला विचारत राहिला. कसं झालं, काय खाल्लं होतं, डॉक्टर काय म्हणाले. मीही विचारत होतोच. शिफ्टवरून आलो की ठरलेल्या क्रमाने: बरं वाटतंय का, गोळी घेतलीस का, जेवलीस का. ती ठरलेल्या क्रमाने हो म्हणायची. तिचं माहेर लांब, वाईकडे. दुसरं बोलणं आमच्यात उरलंच नव्हतं.

एक दिवस पहिल्या शिफ्टवरून साडेतीन-चारला परत येत होतो. सायकल नळाजवळ लावली आणि ओटीवरून हसणं ऐकू आलं. ते हसणं मला ओळखायला वेळ लागला, इतक्या दिवसांत ऐकलं नव्हतं. पेटीसमोर आता दोन खुर्च्या होत्या. एका माशाने आपल्या दारातली वाळू तोंडात भरून शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकली होती, आणि शेजाऱ्याने तीच वाळू उचलून परत आणून टाकली होती. मालक गंभीरपणे सांगत होते, "मोरीवरनं चाललंय गो पोरी. चाळ म्हटली की व्हनारच." आणि माझी बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात दुखायला लागलं. मी दार जरा जोरातच उघडलं. हसणं थांबलं, आणि ती चहा करायला उठून आली.

मग रोज चार वाजता ती तिथे. संध्याकाळी मला बातम्या मिळत: खोली दोनमध्ये कोण आलं, खोली पाचचं भांडण मिटलं का. तिच्या तोंडी मालकांची वाक्यं येऊ लागली. भाकरी थापताना एकदा सहज म्हणाली, "काका म्हणतात, उशीर झाला म्हणून गाडी रद्द होत नाही." मी तिला सहा महिने डॉक्टरांची वाक्यं पाठ करून ऐकवत होतो. त्यातलं एकही तिने कधी असं परत म्हणून दाखवलं नव्हतं. मी विचारलं, "तिथे तुम्ही बोलता तरी काय?" ती म्हणाली, "काही नाही. ते काही विचारतच नाहीत."

मत्सरी माणूस फार कामसू असतो. एकदा कंपनीच्या कामाने पेणला गेलो होतो. रामवाडीच्या एका चहाच्या टपरीवर मुद्दाम थांबलो आणि त्यांची चौकशी केली. काहीतरी वाईट सापडेल अशी आशा होती. चहावाला म्हणाला, "कंट्रोलर ना? मानूस बरा हाय. पत्त्यात मात्र चोरतो." मला तेवढं दोन दिवस पुरलं.

मग मी स्वतःची पेटी केली. त्यांच्यापेक्षा तीन इंच लांब. मालकांनी सहा मासे दिले, सात-आठ शंख दिले आणि एकच सांगितलं, "पान्यात हात घालू नका. त्यांचं त्यांना लावू द्या." मी मान हलवली. पण लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला अव्यवस्था बघवत नाही. ते मासे वाळू उकरून ढीग करायचे, खड्डे पाडायचे, शंख अर्धे पुरायचे. मी सकाळी उठून काचेच्या कांडीने वाळू सपाट करत असे आणि शंख तोंडं वर करून ओळीत लावत असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढीग. तीन महिने आमची ही झुंज चालली. पिल्लं काही झाली नाहीत. मी बायकोला म्हटलं, "त्यांनी मुद्दाम सगळे नर दिलेत." ती म्हणाली, "तुम्ही रोज त्यांचं घर मोडता." आणि चार वाजले म्हणून निघून गेली.

एप्रिलमध्ये रामवाडीच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. मालक आठ दिवसांसाठी पेणला गेले. जाताना किल्ली दिली ती माझ्या बायकोकडे. "दोन टाइम, चिमूटभर. पान्यात हात नाय." मी तिथेच उभा होतो. मला एका शब्दाने विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पहिल्या शिफ्टवरून घरी आलो तेव्हा ती बाजारात गेली होती. किल्ली खिळ्याला होती. मी ओटी उघडली आणि आधी चार्ट वाचला. शेवटची नोंद: "खोली ३, मादी चार दिवस आत. पिल्ले येणार." खोली तीन म्हणजे तोंडाशी टवका उडालेला शंख. मी बाह्या वर केल्या, हात पाण्यात घातला, शंखाच्या तोंडावर अंगठा दाबला आणि तो पाण्यासकट पातेल्यात घेतला. त्याच्या जागी माझ्याकडचा एक रिकामा शंख खोचला. त्यांच्या पेटीतलं बादलीभर पाणीही नेलं, मादीला त्रास होऊ नये म्हणून. नळाचं पाणी बादलीभर त्यांच्या पेटीत ओतलं. सगळं दहा मिनिटांत आटोपलं. चोरी करताना मी जितका नीटनेटका होतो तितका लॅबमध्येही क्वचितच असेन.

दोन दिवसांनी त्या शंखाच्या तोंडाशी पिल्लं दिसली. माझ्या पेटीत. पापणीच्या केसाएवढी, शंखाच्या कडेला चिकटून. मी बायकोला हाक मारली. ती पेटीसमोर जमिनीवर बसली. मोजायला लागली, सात म्हणाली, मग नऊ म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही पण बसा ना."

ते चार दिवस माझ्या संसारातले फार चांगले दिवस आहेत, हे मला कबूल केलं पाहिजे. मी शिफ्टवरून यायचो आणि आम्ही दोघं पेटीसमोर जमिनीवर बसायचो. तिसऱ्या दिवशी, पिल्लांकडे बघता बघता, ती म्हणाली की आपली मुलगी होती. नर्सने तिला सांगितलं होतं, डोक्यावर दाट केस होते. मी त्या वेळी बाहेर कागदांवर सह्या करत होतो. नंतर मी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. माझ्या रोजच्या तीन प्रश्नांत तो प्रश्न नव्हता. त्या दिवशी मी खूप रडलो आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. एकदा असंही मनात आलं की हे मालकांना कधीच मिळालं नसेल. आलं, लपवत नाही.

मालक परत आले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मला वाटलं ते ओटीवर जाताच हाक मारतील. त्यांनी काही केलं नाही. संध्याकाळी बायकोच म्हणाली, "काकांना बोलावते आपली पिल्लं बघायला." मी नको म्हणेपर्यंत ती गेलीही होती. बोलावलं तर मालक दारात येत, न बोलावता मात्र कधी नाही. ते आमच्या खोलीत पहिल्यांदाच आले. चप्पल बाहेर काढली, पेटीसमोर उकिडवे बसले आणि बघत राहिले. टवका उडालेला शंख अगदी समोर होता. मी भिंतीला टेकून उभा होतो.

"मादी बरी रमली," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "तुझ्या नवऱ्याचा हात गुनाचा हाय गो." आणि उठून गेले.

मी सुटलो होतो. पण सुटल्याचं सुख मला पाच मिनिटंही लाभलं नाही. बायकोसमोर माझी पत राहिली ती त्यांनी दिली म्हणून राहिली. भिकेत मिळालेल्या वस्तूकडे बघावं तसं मी त्या पेटीकडे बघत होतो. रागावले असते, चोर म्हणाले असते, तर आम्ही दोघं एका पातळीवर आलो असतो. तेही त्यांनी मला दिलं नाही. त्यांचं काही देणं लागून राहण्यापेक्षा खरं सांगून टाकलेलं बरं, असं मला वाटलं. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे, निव्वळ जळफळाटातून मी म्हणालो, "तो शंख त्यांचा आहे. मी चोरला."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे."

"कसं?"

"त्याच दिवशी संध्याकाळी खायला घालायला गेले. सगळीकडे ढीग आणि खड्डे, आणि एका ठिकाणी वाळू सपाट. तशी वाळू तुमच्याशिवाय कोण करतं?"

मला आठवत नव्हतं. हाताच्या सवयीने केली असणार.

मग तिने पुढचं सांगितलं. किल्ली तिच्याकडे होती, विश्वास तिच्यावर टाकलेला होता. ती तशीच नाक्यावरच्या बूथवर गेली, रामवाडीला बहिणीच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, मालकांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की माझ्या हातून तीन नंबरचा शंख फुटला. ते म्हणाले होते, फुटू दे, तू रडू नको. आणि आज त्यांनी तोच शंख आमच्या पेटीत अख्खा बघितला होता.

"म्हणजे त्यांना कळलं की तू खोटं बोललीस."

"कळणारच. त्यांना एकेक शंख पाठ आहे."

"मग बोलावलंस कशाला?"

"त्यांच्यापासून लपवून मला इथे बसता येईना." तिने सूप खाली ठेवलं. "चोरलंत ते माझ्यासाठीच ना?"

मी हो म्हणालो. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं त्यांच्या नाकावर टिच्चून करण्यासाठी होतं, ते मी तिला सांगितलं नाही.

"उद्या जाऊन त्यांना सांगा," ती म्हणाली. "आणि माझं विचारा. मी खोटं बोलले त्यांच्याशी, आता मी आलेलं चालेल का म्हणावं. मला माझ्या तोंडाने नाही विचारता येणार."

सकाळी गेलो. ते चार्ट लिहीत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पातेल्यापासून बादलीपर्यंत. ते ऐकत होते. मध्येच उठून आत गेले, चहाचे दोन कप घेऊन आले, एक माझ्या हातात दिला. "माहीत हाय," म्हणाले. "बसा." मी दुसऱ्या खुर्चीत बसलो. त्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. तिथून पेटी फार छान दिसत होती.

"ती आता तुमच्याकडंच बसत आसंल," ते म्हणाले.

"हो. रोज बसते."

"मग इकडं कशाला येल." आवाज साधाच होता. पण कपातला चहा ते ढवळत राहिले, आणि साखर केव्हाच विरघळली होती. गेले कित्येक महिने मी ज्या आवाजात बायकोला विचारत होतो, तिथे तुम्ही बोलता तरी काय, तोच आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला. मला दया यायला हवी होती. मला बरं वाटलं. इतकं बरं मला पिल्लं झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "केमिस्ट, तिला सांगा, शंखाचं काय मनात ठेवू नको. चारला येत जा म्हनावं. मी काय दारात येऊन बोलवू शकत नाय."

मी मान हलवली आणि अंगण ओलांडून घरी आलो. बायको दारातच उभी होती.

"काय म्हणाले?"

"चहा दिला."

"आणि माझं?"

"काही बोलले नाहीत," मी म्हटलं.

ती गेली नाही. चार वाजले की तिची नजर ओटीकडे जाई आणि परत येई. ते अंगणात दिसत, पण आमच्या दाराकडे पाठ करून, शेवग्याकडे तोंड करून. त्यांनी आयुष्यभर तसंच केलं होतं. तिला मात्र त्या पाठीत राग दिसे. दिवाळीच्या आधी मला रोह्याजवळ वरश्याला कंपनीची खोली मिळाली. सामान टेम्पोत चढवून झालं तेव्हा ती पुन्हा एकदा ओटीकडे बघत राहिली.

"काका रागावलेच बहुतेक," ती म्हणाली. "इतक्या महिन्यांत एकदाही ये म्हणाले नाहीत."

मी पेटी मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसलो होतो. म्हटलं, "म्हातारी माणसं. त्यांचं काय मनावर घ्यायचं."